भांडी बाजारातील दुकानाचे संकेतस्थळ: ग्राहक तिथपर्यंत आणावेत कसे?

पितळीसमई

नमस्कार. नाशिकच्या भांडी बाजारात आमचे तांब्या-पितळेच्या आणि काशाच्या भांड्यांचे पिढीजात दुकान आहे. सासरे आणि यजमान दुकान पाहतात, संकेतस्थळाची जबाबदारी माझ्याकडे आहे. घंगाळ, बंब, हंडे-कळशा, ताम्हण-पळी-पंचपात्री, समया आणि ठोक्याची पातेली हा आमचा मुख्य माल असून जुन्या भांड्यांची मोड घेणे व कल्हई करून देणे ही कामेही आमच्याकडे होतात. गेल्या वर्षी एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळ बनवून घेतले आणि त्यावर ऑनलाइन पैसे भरण्याची सोयही ठेवली, परंतु तिथे येणाऱ्यांची संख्या इतकी अल्प आहे की त्यांतील निम्मे आमचेच नातेवाईक असावेत अशी शंका येते. दुकानाचे नाव टाकून शोधल्यास संकेतस्थळाचे पहिले पान दिसते, मात्र ‘पितळी समई नाशिक’ किंवा ‘तांब्याचा बंब’ असे शोधल्यास आमचा कुठेही पत्ता नसतो.

अलीकडे एका संस्थेच्या प्रतिनिधीने दूरध्वनी करून एक प्रस्ताव ठेवला. महिनाभरात गूगलच्या पहिल्या पानावर आणून देण्याची हमी, त्यासाठी इतर संकेतस्थळांवरून आमच्याकडे येणारे हजारो दुवे (लिंका) आणि सहा महिन्यांचे शुल्क आगाऊ, असे त्याचे स्वरूप आहे. यजमानांचा कल होकाराकडे आहे, माझे मन धजत नाही. हा खर्च करावा का? तेवढ्याच पैशांत जाहिराती द्याव्यात का? आणि मजकूर मराठीत ठेवावा की इंग्रजीत? सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकचे नाव देशभर शोधले जाणार, त्याआधी काहीतरी हालचाल व्हावी अशी इच्छा आहे.

सातपूरकर

नमस्कार ताई. संकेतस्थळे बांधणे आणि बिघडलेली दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आपल्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलतो. लोक कसे आणावेत याआधी आपली पाने गूगलच्या नोंदीत आहेत का, हे तपासले पाहिजे. गूगलच्या चौकटीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहून त्यापुढे अपूर्णविराम द्यावा, आणि मध्ये जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकून शोधावे. आपल्याकडे शंभर वस्तूंची पाने असतील आणि यादीत दोन-चारच दिसली, तर दोष प्रसिद्धीचा नसून बांधणीचा आहे. नावाने शोधल्यावर पहिले पान सापडते आणि वस्तूंची पाने सापडत नाहीत, या आपल्या वर्णनावरून मला तीच शंका येते. अर्थात ही यादी ढोबळ असते. नेमके उत्तर ‘गूगल सर्च कन्सोल’ या विनामूल्य सेवेत मिळते. तिथे कोणते पान नोंदवले गेले, कोणते वगळले आणि का वगळले, हे कारणासह दिलेले असते. संकेतस्थळाचे काम चालू असताना अर्धवट पाने लोकांसमोर येऊ नयेत म्हणून त्यांवर ‘नोइंडेक्स’ ही खूण लावण्याची पद्धत आहे आणि काम संपल्यावर ती काढायची राहून जाणे हे आमच्या धंद्यात नित्याचे आहे. ती खूण असेपर्यंत आपण कितीही पैसे ओतले तरी ते पान शोधात येणार नाही.

सर्च कन्सोलचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. लोकांनी नेमके कोणते शब्द लिहिले तेव्हा आपले पान त्यांना दिसले, किती जणांनी त्यावर टिचकी मारली आणि सरासरी कितव्या क्रमांकावर ते होते, याची मागील 16 महिन्यांची माहिती तिथे मिळते. आपले गिऱ्हाईक आपल्या मालाला काय म्हणून शोधते, हे सांगणारा इतका स्वस्त स्रोत दुसरा नाही.

आता मजकुराविषयी. भांड्यांच्या बहुतेक संकेतस्थळांवर ‘पितळी समई, सुबक व आकर्षक’ एवढे एक वाक्य, एक छायाचित्र आणि किंमत असते. एवढ्यावरून गूगललाही काही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. दुकानात उभे राहून गिऱ्हाईक काय विचारते ते आठवून पाहावे. समईची उंची किती, वजन किती, पाच वातींची की सात, घासण्यासाठी तिचे भाग सुटे होतात का, दांडा भरीव आहे की पोकळ, वर लाख चढवली आहे का? आपल्याकडे पितळ वजनावर विकले जाते, त्यामुळे वजन न लिहिता केवळ किंमत लिहिणे म्हणजे जाणकार गिऱ्हाइकाला परत पाठवणेच होय. ही सारी उत्तरे प्रत्येक वस्तूच्या पानावर साध्या वाक्यांत लिहावीत.

त्याच्या जोडीला असे काही लिहावे जे आपल्याच दुकानात ठाऊक आहे आणि मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर सापडत नाही. कल्हईचेच उदाहरण घ्यावे. हल्ली पितळी पातेली पुन्हा स्वयंपाकघरात येत आहेत, पण आमटी किंवा कढी आत कळकते का, कल्हई किती काळ टिकते, ती गेली हे कसे ओळखावे, हे नव्या पिढीला सांगणारे घरात कोणी उरलेले नसते. कथिल 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे पातेले रिकामे असताना विस्तवावर तापवत ठेवू नये, तारेच्या घासणीने घासू नये, नवसागर टाकल्यावर धूर का येतो, ही माहिती एका सविस्तर पानावर छायाचित्रांसह आली तर ते पान वर्षानुवर्षे वाचक आणत राहील. तो वाचक उगाच आलेला नसतो. त्याच्याकडे पितळेचे भांडे आहे किंवा तो घेण्याच्या विचारात आहे. काशाची वाटी, तांब्याचे भांडे लखलखीत ठेवण्याची रीत, पितळ आणि कासे यांतील फरक (पितळेत तांब्यासोबत जस्त असते, काशात कथिल), अशी आणखी दहा पाने आपल्या सासऱ्यांशी एक दुपार बोलून तयार होतील. मी तर म्हणेन की त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून जवळपास जसेच्या तसे उतरवून काढावे.

छायाचित्रांबाबत एक सूचना: भ्रमणध्वनीवरून काढलेले चित्र अनेकदा काही मेगाबाइटचे असते आणि तसेच चढवले जाते. त्याचा आकार कमी करून वेबपी स्वरूपात ठेवल्यास ते शे-दोनशे किलोबाइटमध्ये बसते. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा ही गूगलची अपेक्षा आहे आणि ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या त्यांच्याच साधनावर ती विनामूल्य तपासता येते. तपासणी भ्रमणध्वनीच्या आवृत्तीचीच पाहावी, कारण गूगल नोंदीसाठी तीच आवृत्ती पाहते.

त्या प्रस्तावाविषयी स्पष्टच सांगतो: होकार देऊ नये. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहिले आहे, आणि या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागते असेही त्यात म्हटले आहे. क्रम वाढवण्यासाठी विकत घेतलेले दुवे हा त्यांच्या नियमांनुसार सरळ गैरप्रकार आहे. 2012 साली गूगलने क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ या बदलानंतर अशा दुव्यांवर उभी असलेली कितीतरी संकेतस्थळे शोधात तळाला गेली. आजही असे दुवे बहुधा मोजलेच जात नाहीत, आणि एखाद्या वेळी तर थेट कारवाईची सूचना सर्च कन्सोलमध्ये येऊन पडते. हमी देताना ही मंडळी एक हातचलाखीही करतात. ज्या शब्दांनी कोणीच शोधत नाही, उदाहरणार्थ आपल्या दुकानाचे पूर्ण नाव आणि पुढे गल्लीचे नाव, त्या शब्दांवर पहिले पान दाखवून शुल्क वसूल करतात. प्रस्तावात ‘कीवर्ड मेटा टॅग भरून देऊ’ (म्हणजे पानाच्या अदृश्य भागात शोधशब्दांची यादी देऊ) असे कलम असेल, तर ती खूण आपण क्रमासाठी पाहत नाही असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले आहे, हे त्यांना अवश्य ऐकवावे.

जुने_नाशिक

सातपूरकरांनी संकेतस्थळाचे सांगितले, पण दुकानाच्या नकाशावरील नोंदीचा उल्लेख राहिला. आमचे दुकान सराफ बाजारात आहे आणि आमच्याकडे येणारे बहुतेक नवे गिऱ्हाईक नकाशावरूनच येते. ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ ही नोंद विनामूल्य आहे. तिची पडताळणी अनेकदा दुकानाचा फलक, आतील माल आणि गल्ली दाखवणाऱ्या चित्रफितीद्वारे होते. नोंदीत दुकानाचे नाव फलकावर आहे तेच लिहावे. ‘अमुक भांडी भांडार, स्वस्त पितळी समई नाशिक’ असे शेपूट जोडल्यास नोंद निलंबित होण्याचा धोका असतो. नकाशावरील क्रम ठरवताना शोधाशी असलेला संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची ख्याती या तीन गोष्टी पाहिल्या जातात. अंतर आपल्या हाती नाही, त्यामुळे इंदिरानगरात बसून ‘भांड्यांचे दुकान’ शोधणाऱ्याला तिथलेच दुकान आधी दिसले तर वाईट वाटून घेऊ नये. पण ‘कल्हई करून मिळेल’ ही सेवा आपल्या नोंदीत स्वतंत्रपणे लिहिलेली असेल, तर सातपूर-अंबडहूनही माणूस येतो, कारण जवळ ती करणारे कोणी नसते.

आपल्या भागापुरती एक गोष्ट आणखी. गोदावरीला पूर आला आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढू लागले की सराफ बाजार आणि भांडी बाजार या दोन्हींत काळजी सुरू होते. त्या दिवसांत नोंदीतील ‘विशेष वेळ’ बदलून दुकान बंद असल्याचे लिहावे. उघडे आहे असे वाचून पंचवटीच्या पुलापलीकडून आलेला माणूस घरी जाऊन एकच तारा देतो.

अभिप्राय मागण्यात गैर काही नाही, प्रत्येक समाधानी गिऱ्हाइकाला मागावा. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेट देणे नियमबाह्य आहे. आलेल्या अभिप्रायाला, विशेषतः तक्रारीच्या, दोन ओळींचे शांत उत्तर द्यावे, कारण ते उत्तर पुढचे गिऱ्हाईक वाचत असते.

पिंपळगावचा_बागायतदार

मी पिंपळगाव बसवंतहून लिहितो. द्राक्षांच्या हंगामानंतर आम्ही बेदाणे थेट घरपोच विकतो, त्यासाठी छोटे संकेतस्थळ आहे. वरील दोन्ही उत्तरांशी माझा विरोध नाही, परंतु त्यांत अनोळखी माणसाला शोधून आणण्यावरच सारा भर आहे. माझ्या अनुभवात छोट्या धंद्याच्या संकेतस्थळाला पहिली गर्दी मिळते ती ओळखीच्या गिऱ्हाइकांची, आणि ते दुकानात रोजच येत असतात. आपल्या बिलावर आणि पिशवीवर क्यूआर कोड छापलेला आहे का? तो संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर न नेता एखाद्या उपयोगी पानावर न्यावा. नवे पातेले घेणाऱ्याच्या बिलावर कल्हईच्या निगेचे पान, समई घेणाऱ्याच्या बिलावर घासण्याच्या रीतीचे पान. माणूस ते पान घरी उघडतो, जपून ठेवतो, बहिणीला पाठवतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची यादी छायाचित्रांसह ठेवता येते, तीही ठेवावी, आणि गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय त्याला संदेश पाठवू नयेत. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या दुकानाला लोक थेट अडवून टाकतात.

दुसरे असे की आमच्याप्रमाणे आपला धंदाही तिथींवर चालतो, आणि गूगलवरची पाने तिथीच्या आदल्या दिवशी तयार करून उपयोग होत नाही. धनत्रयोदशीला भांडे घेण्याची रीत आहे, तर त्यासाठीचे पान श्रावणातच प्रसिद्ध व्हावे, म्हणजे ते नोंदवले जाऊन वर सरकायला अवधी मिळतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पन्नास-शंभर लहान पितळी वस्तू एकदम घेणाऱ्या स्त्रिया असतात. ‘वाणासाठी पितळी वस्तू, एकगठ्ठा दर’ असे पान मराठीत सहजासहजी सापडत नाही. गुढीसाठी तांब्याचा गडू, गौरी-गणपतीला समया, लग्नसराईत रुखवताची आणि आहेराची भांडी. दरवर्षी नवे पान करू नये. त्याच पत्त्यावरील मजकूर आणि दर अद्ययावत करावेत, म्हणजे मागील वर्षी त्या पानाने मिळवलेली पत वाया जात नाही. ‘गूगल ट्रेंड्स’वर महाराष्ट्र निवडून हे शब्द टाकले तर कोणत्या आठवड्यापासून शोध वाढू लागतो ते आलेखात दिसते.

पितळीसमई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सातपूरकरांची शंका खरी ठरली. वस्तूंच्या संपूर्ण विभागावर नोइंडेक्सची खूण होती. ती काढून घेतली आणि सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे आमच्या सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, दिला. काही पाने आता नोंदीत येऊ लागली आहेत. शोधशब्दांची यादी पाहून घरात सर्वांनाच आश्चर्य वाटले, कारण आम्ही पहिल्या पानाच्या तळाशी सहज लिहिलेल्या ‘कल्हई करून मिळेल’ या एका ओळीमुळे आमचे पान सर्वाधिक वेळा दिसले होते. सासऱ्यांनी लगेच बोलायची तयारी दाखवली आहे, आता त्यांना थांबवणे हेच काम होऊन बसेल.

यजमानांनी तो प्रस्ताव नाकारला आहे, मात्र धनत्रयोदशीपूर्वी थोड्या रकमेच्या जाहिराती द्याव्यात असे त्यांचे म्हणणे आहे. भाषेचा प्रश्नही अनुत्तरित आहे. शिवाय एक नवी गोष्ट लक्षात आली: जे थोडे लोक घंगाळ किंवा बंब खरेदीच्या टप्प्यापर्यंत पोहोचतात, तेही पैसे भरण्याच्या पानावरून निघून जातात. तिथे कुरिअरचे शुल्क शेवटी जोडले जाते, हे कारण असू शकेल का?

गंगापूररोड

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण जाहिरातीचे उत्तर त्यातच आहे. हो, बहुधा तेच कारण आहे. अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतील जे जास्त असेल त्यावर शुल्क लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला 5000 ने भागण्याची रीत बरीच रूढ आहे. घंगाळाचे खोके 45 गुणिले 45 गुणिले 25 सेंटिमीटरचे धरले तर हा आकडा 10 किलोच्या थोडा वर जातो, मग घंगाळ प्रत्यक्षात चार किलोचे का असेना. म्हणजे पोकळ, मोठी वस्तू दूर पाठवणे आतबट्ट्याचे ठरते, आणि ताम्हण, पळी-पंचपात्री, निरांजन, काशाची वाटी यांसारखी लहान पण वजनदार वस्तू पाठवणे परवडते. त्यामुळे मोठ्या वस्तूंच्या पानावर ‘दुकानातून घेऊन जा’ किंवा ‘नाशिक शहरात घरपोच’ असा पर्याय द्यावा, बाहेरगावचे शुल्क वस्तूच्या पानावरच आधी दाखवावे, आणि देशभर जाहिरात करायचीच असेल तर ती लहान वस्तूंची करावी.

गूगलच्या जाहिरातीत टिचकीमागे पैसे जातात. हिशेब असा मांडावा: समजा एका टिचकीला 8 रुपये पडले आणि शंभरांतून एकाने खरेदी केली, तर एका विक्रीमागे जाहिरातीचा खर्च 800 रुपये झाला. त्यावर जीएसटी वेगळा. 600 रुपयांच्या निरांजनासाठी हे गणित जुळत नाही, 9000 रुपयांच्या समयांच्या जोडीसाठी कदाचित जुळेल. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, आपले खरे आकडे थोडी रक्कम लावून पाहिल्यावरच कळतील. म्हणून आधी संकेतस्थळावर खरेदीची नोंद मोजली जाते की नाही याची खात्री करावी, अन्यथा पैसे कशावर गेले हे शेवटपर्यंत समजत नाही.

आपल्या मालात एक खास अडचण आहे. तांबे आणि पितळ हे शब्द भंगारवाले, वायरमन आणि धातूचा रोजचा दर पाहणारे व्यापारी सतत शोधत असतात. जाहिरात देताना ‘भंगार’, ‘आजचा भाव’, ‘किलोचा दर’, ‘वायर’, ‘पाइप’ हे शब्द वगळण्याच्या यादीत टाकावेत, तसेच आपण दिलेले शब्द आणि लोकांनी शोधलेले शब्द यांच्या जुळणीचा पर्याय सर्वांत सैल ठेवू नये. जुन्या भांड्यांची मोड आपण घेता, त्यामुळे ‘मोड’ हा शब्द वगळायचा की त्यासाठी स्वतंत्र पान करायचे, याचा निर्णय मात्र दुकानाने घ्यावा. मी असतो तर स्वतंत्र पान केले असते, कारण मोड घेऊन आलेला माणूस बहुधा नवे भांडे घेऊनच जातो. जाहिरातीचे क्षेत्र ठरवताना ‘या ठिकाणी असलेले लोक’ हा पर्याय निवडावा. मूळ निवडीत त्या ठिकाणात केवळ रस दाखवणारेही धरले जातात आणि तीर्थयात्रेची माहिती वाचणारा लांबचा माणूस आपल्या घरपोच सेवेच्या जाहिरातीवर टिचकी मारून जातो.

भाषेबद्दल माझे मत असे की दोन्ही असाव्यात, पण एकाच पानावर खिचडी नको. मराठी पानाचा पत्ता वेगळा, इंग्रजी पानाचा वेगळा, आणि दोन्हींचे नाते ‘एचरेफलँग’ या खुणेने गूगलला सांगावे. इंग्रजी पान यंत्राकडून भाषांतर करून तसेच टाकू नये. पळी-पंचपात्री म्हणजे काय हे बंगळूरूच्या ग्राहकाला समजावून सांगावे लागते, पुण्याच्या ग्राहकाला नाही, त्यामुळे मजकूर मुळातच वेगळा होतो. बरेच मराठी लोक रोमन लिपीत मराठी शब्द टंकतात, म्हणून वस्तूचे मराठी नाव इंग्रजी पानावर रोमन लिपीत एकदा तरी यावे. वाण, रुखवत, कल्हई ही पाने आधी मराठीतच करावीत. तिथे स्पर्धा कमी आहे आणि गिऱ्हाईक आपलेच आहे.

सातपूरकर

ताई, पाने नोंदीत येऊ लागली हे वाचून बरे वाटले. गंगापूररोड यांच्या हिशेबात भर घालण्यासारखे काही नाही, फक्त तीन मुद्दे राहून गेले आहेत.

खरे दुवे कुठून मिळवावेत, हा पहिला. विकतच्या हजार दुव्यांपेक्षा ज्यांच्याशी आपला व्यवहार आहे अशा चार संकेतस्थळांवरील उल्लेख मोलाचे ठरतात. आपल्याकडून पितळी ताटे नेणारी खानावळ, पूजासाहित्य नेणारे पुरोहित, त्र्यंबकेश्वर वा पंचवटीतील निवासव्यवस्था, नाशिकविषयी लिहिणारे हौशी लेखक यांना आपले कल्हईचे किंवा ठोक्याच्या भांड्यांचे पान दाखवावे आणि उपयोगी वाटल्यास जोडावे असे सांगावे, याउपर आग्रह नको. मठारकामाची, म्हणजे हातोडीने ठोके देऊन भांडे घट्ट करण्याची, चित्रफीत कारागिराच्या परवानगीने काढून यूट्यूबवर ठेवल्यास लोक ती आपणहून जोडतात. सिंहस्थासाठीही हेच धोरण ठेवावे. यात्रेकरूंच्या गर्दीच्या शोधशब्दांमागे मोठमोठी संकेतस्थळे लागलेली असतील, तिथे आपला निभाव लागणार नाही. ‘रामकुंडाजवळ गंगाजलासाठी तांब्याचा गडू कुठे मिळेल’ या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याइतके चांगले कोणाकडे नाही.

दुसरा मुद्दा दाव्यांचा. तांब्याच्या भांड्यातील पाण्याने अमुक विकार बरा होतो अशी वाक्ये या व्यवसायात सर्रास उतरवून घेतली जातात. ती टाळावीत. आरोग्यविषयक मजकुराला गूगल अधिक कडक निकष लावते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याखालील 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर असणे आवश्यक आहे, तक्रार आल्यापासून 48 तासांत तिची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. परतीचा नियमही स्पष्ट लिहावा. प्रवासात पोचा आलेला हंडा बदलून मिळेल की नाही, हे खरेदीआधीच कळले पाहिजे.

तिसरा मुद्दा ज्याने संकेतस्थळ बनवून दिले त्याच्याशी संबंधित आहे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर नोंदले आहे, हे आजच पाहावे. अनेकदा ते बनवणाऱ्याच्याच खात्यात असते, आणि पुढे त्याच्याशी मतभेद झाले किंवा त्याने धंदा बदलला की बिले, पिशव्या आणि क्यूआर कोडवर छापलेला पत्ताच हातातून जातो. नोंदणी आपल्या किंवा दुकानाच्या नावावर, आपल्या ईमेलवर आणि आपल्या पैशांनी असावी. तसे नसेल तर त्याच्याकडून हस्तांतरणाचा संकेतांक मागून डोमेन आपल्या खात्यात घ्यावे. नूतनीकरणाची तारीख जवळ असेल तर आधी नूतनीकरण करून मगच हे पाऊल उचलावे. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल या दोन्हींत मालक म्हणून आपला ईमेल आहे आणि बनवणाऱ्याचा केवळ वापरकर्ता किंवा व्यवस्थापक म्हणून आहे, हेही पाहून घ्यावे. क्यूआर कोड छापायला देणे तोवर थांबवावे.